एकडोळी

एप्रिलातली संध्याकाळ होती, सात वाजायला आले होते. हिंगण्याहून येणाऱ्या कंपनीच्या बसमधून उतरलो तर घराला कुलूप आणि किल्ली प्रेमलताच्या कमरेला, म्हणून पाणीही न पिता मी तसाच गच्चीवर चढलो. मुलीचं लग्न तीन आठवड्यांवर आलेलं, त्यामुळे गच्चीवर रोज काही ना काही वाळत असायचं. त्या दिवशी कुरड्या होत्या. शेवटच्या पायरीवर माझा पाय पडला तेव्हा प्रेमलता, माझी बायको, पाठमोरी उभी होती, कुरड्यांची पाटी कमरेवर, तोंड पश्चिमेकडे, आणि ती म्हणाली, "आली का वं एकडोळे?" गच्चीवर दुसरं कोणीही नव्हतं. जयताळ्याच्या बाजूला इमारतींच्या वर आभाळ अजून तांबूस होतं आणि त्यात ती एकच चांदणी निघालेली. मला धक्का बसला तो त्या नावाचा नाही, आवाजाचा. त्या आवाजात हसू होतं. जुन्या मैत्रिणीला दारात पाहून बाई जशी हसते तसं. एकोणतीस वर्षांच्या संसारात तो आवाज माझ्या वाट्याला आलेला नव्हता. मी विचारलं, "कोनासंग बोलून राहिली?" ती दचकली नाही, हेही मला खटकलं. "कोनासंग नाही. चांदनी निंगाली, थे पाहून राहिली." "थे एकडोळी काय होय?" तिनं पाटी दुसऱ्या कमरेवर घेतली. "काही नाही. असंच." आणि किल्ली माझ्या हातात देऊन ती खाली गेली.

असंच. नाव असंच पडत नाही. कोणीतरी ते पहिल्यांदा म्हणतं आणि कोणीतरी ऐकतं, आणि ऐकणाऱ्याला ते आवडतं म्हणून ते टिकतं. मी तसा संशयी माणूस नाही. हे वाक्य संशयी माणसंच बोलतात हे मलाही कळतं, पण माझी नोकरीच तशी आहे. औषधाच्या बाटल्या बनवणाऱ्या कारखान्यात मी तपासणीला आहे. पांढऱ्या दिव्यासमोरून बाटल्या सरकतात आणि ज्या बाटलीत केसाएवढा तडा असेल ती मी बाजूला काढतो. सव्वीस वर्षं हेच. कारखान्यात म्हणतात, कृष्णकांतच्या नजरेतून काही सुटत नाही. अशा माणसाच्या बायकोनं एका ताऱ्याला लाडकं नाव ठेवलेलं असावं आणि एवढ्या वर्षांत ते त्याच्या कानावर पडू नये, म्हणजे ते जपून ठेवलेलं होतं. माणूस काय जपून ठेवतो? जे दुसऱ्याचं असतं ते. त्या रात्री जेवताना मी भाजीत मीठ जास्त आहे म्हणालो. मीठ बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशीपासून बसमध्ये मी मोबाइलवर त्या ताऱ्याची नावं शोधायला लागलो. खाज सुटावी तसं वेड होतं ते, काहीतरी सापडेपर्यंत थांबवत नव्हतं. आपल्याकडे शुक्र, भार्गव, उशना, काव्य, दैत्यगुरू. म्हणजे आपल्याकडे तो बुवा, दाढीवाला, दैत्यांना पुन्हा जिवंत करण्याची विद्या जाणणारा. बाकीच्या जगात मात्र ती बाई. रोमनांची व्हीनस, बाबिलोनची इश्तार, अरबांची जोहरा, इराण्यांची नाहीद, सगळ्या एकीपेक्षा एक देखण्या आणि त्यांतल्या बऱ्याचजणी कोणाच्या तरी प्रेमात. ग्रीक लोकांनी तर संध्याकाळचा वेगळा आणि पहाटेचा वेगळा असे दोन तारे मानले होते, दोघांना दोन नावं, आणि पुष्कळ काळानं त्यांना कळलं की हा एकच. ते वाचून मला माझ्या बायकोची आठवण झाली. संध्याकाळी गच्चीवर हसणारी एक आणि सकाळी डबा भरून देणारी दुसरी. एकडोळी हे नाव मात्र कुठेच नव्हतं. पण गोष्ट सापडली, आणि ती मला लहानपणापासून माहीतही होती. बळी राजा वामनाला दान द्यायला निघाला तेव्हा शुक्राचार्यांनी त्याला अडवलं, राजा ऐकेना तेव्हा ते झारीच्या तोटीत जाऊन बसले, पाणी पडेना, आणि वामनानं दर्भाची काडी तोटीत घातली ती गेली थेट त्यांच्या डोळ्यात. तेव्हापासून शुक्राला एकच डोळा. म्हणजे हे नाव ठेवणाऱ्याला ही कथा ठाऊक होती. सांगता येत होती. बाईला समोर बसवून, रंगवून.

बसमध्ये माझ्या शेजारी बसणारे बाबनराव कळमेश्वरचे, कारखान्यात माझ्याआधी दोन वर्षं लागलेले. त्यांना विचारलं, "तुमच्या गावाकडं सांजच्या ताऱ्याले काय म्हनतात?" ते म्हणाले, "सुक्कर. काहून गा?" "एकडोळी म्हनतात का कोठी?" बाबनरावांनी तंबाखू मळता मळता विचार केला. "नाही बा. अन् हे नाव बाईनं ठेवलं असन. मानूस नाही ठेवत चांदनीले असं नाव. मानसाले तं चांदनी दिसली का कविताच सुचते." मग माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाले, "पोरीच्या लग्नाचं टेन्शन आलं तुले. झोप काढत जा." मला त्यांचं म्हणणं अजिबात पटलं नाही. हिंगण्याच्या त्या रस्त्यावर बस अर्धा तास अडकली होती, खिडकीतून गरम हवा येत होती, आणि माझ्या डोक्यात एक जुनं नाव वर येत होतं. मधुसूदन सर.

आमचं लग्न ठरलं त्या वर्षीही तारा डुबला होता. मयुरीच्या लग्नाचंही तसंच झालं, डिसेंबरअखेर धरलेलं लग्न पंडितानं तारा डुबला म्हणून एप्रिलवर ढकललं, आणि ती सदर भागातल्या तिच्या ऑफिसात सगळ्यांना हसत सांगत फिरली की माझी सुट्टी एका ग्रहानं कॅन्सल केली. आमच्या वेळी मला हसू आलं नव्हतं. साखरपुडा फेब्रुवारीत झाला, लग्न मार्चमध्ये, आणि मधेच कोणीतरी पंचांग उघडलं. शुक्र सूर्याजवळ गेला, दिसेनासा झाला, आता लग्न मे महिन्यात. अडीच महिने मी नागपुरात गोळीबार चौकाजवळच्या आमच्या दोन खोल्यांत आणि प्रेमलता तिच्या घरी उमरेडला. दोन्ही घरं विणकरांची, फोन दोन्हीकडे नाही. आणि त्याच दिवसांत, शुक्र नसताना, पश्चिमेला तो शेपटीवाला धूमकेतू निघाला. सगळं गाव रोज संध्याकाळी घराबाहेर येऊन तो पाहायचं. उमरेडच्या शाळेतल्या मधुसूदन सरांनी शाळेच्या मैदानात दुर्बीण लावली होती, हे मला लग्नानंतर प्रेमलतानंच सांगितलं होतं. "सर लई छान सांगत. गोष्टीच सांगत ताऱ्यायच्या." तेव्हा मी चोवीस-पंचवीसचा होतो, ऐकून सोडून दिलं. आता बसमध्ये बसून मी ते वाक्य उलटंसुलटं करून पाहिलं आणि मला त्यात तडा दिसला. लग्न ठरलेली मुलगी, अंधारं मैदान, दुर्बिणीला डोळा लावून उभी, एक डोळा मिटलेला. मागे तो, खांद्यावरून सांगतोय. एक डोळा मिटलेली मुलगी. एकडोळी. मग हे नाव ताऱ्याचंही नव्हतं, तिचंच होतं. त्यानं तिला ठेवलेलं. मला वाटलं, सापडलं. आणि सापडल्याचा जो आनंद झाला तो इतका घाणेरडा होता की बस थांबल्यावर मी उतरायचंच विसरलो.

पुढचे आठ दिवस मी घरात कसा वागलो ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. संध्याकाळी ती गच्चीवर निघाली की मी काहीतरी काम काढायचो. चहा कर, चष्मा शोध, हॉलवाल्याला फोन लाव. तेवढ्यात चांदणी मावळावी म्हणून. पण ती दोन तास मावळायची नाही, एप्रिलात ती आणखीच वर होती. एकदा मीच आधी गच्चीवर जाऊन बसलो आणि त्या ताऱ्याकडे रागानं पाहत राहिलो, एवढ्या कोटी मैलांवरच्या एका दगडाकडे, शेजारच्या घरातल्या माणसाकडे पाहावं तसा. शुक्राची एक मुलगी होती, देवयानी. तिचं सगळं आयुष्य दुसरीच्या मत्सरात गेलं. नवरा दुसरीकडे जातो हे कळल्यावर ती बापाकडे रडत गेली आणि बापानं जावयाला म्हातारा करून टाकलं. शाळेत असताना आम्ही देवयानीला हसायचो. आता मला वाटत होतं की तिला तरी एक बाप होता, जाऊन सांगायला.

मग पत्रिकांची यादी निघाली. मयुरी जमिनीवर बसून नावं लिहीत होती, प्रेमलता पोळ्या लाटता लाटता सांगत होती, आणि मधेच ती म्हणाली, "मधुसूदन सराईलेही लिही, उमरेड." मी म्हणालो, "कायले? मास्तराईले कोन पत्रिका देते?" प्रेमलता म्हणाली, "आपल्या लग्नाले आलते ते." "आलते म्हनून काय झालं? दुर्बीन घेऊन येतील का आता?" हे शेवटचं वाक्य बोलायला नको होतं. प्रेमलतानं लाटणं थांबवलं. मयुरी म्हणाली, "बाबा, काहून असे बोलून राहिले तुम्ही? आई काय म्हणते थे तं ऐका." मी म्हणालो, "ऐकलं न. रोज गच्चीवर ऐकतो." पोळी तव्यावर करपली. प्रेमलता म्हणाली, "लिही वं, मयुरी. पत्ता मी सांगतो." आणि मी म्हणालो की पोस्टानं नको, मीच नेऊन देतो. ही माझी उदारता त्या दोघींनाही खरी वाटली नाही.

रविवारी साडेपाचला मोटरसायकल काढली. उमरेडपर्यंत पंचेचाळीस किलोमीटर मी मनात भांडण लिहीत गेलो. काय विचारायचं, तो काय म्हणेल, मग मी काय म्हणेन. पोचलो तर सर अंगणात पाणी शिंपडत होते. सत्तरीचे, बारीक, बनियनवर, पायात एक काळी आणि एक निळी स्लीपर. माझं सगळं भांडण त्या दोन स्लीपरा पाहून अर्धं झालं. त्यांनी मला ओळखलं नाही, प्रेमलताचं नाव सांगितल्यावर ओळखलं, आणि खाटेवर बसवून पत्रिका डोळ्यांजवळ नेऊन पूर्ण वाचली, छापखान्याच्या नावासकट. "तारा डुबला होता न अवंदा," ते म्हणाले, "म्हनून उशीर झाला असन." आभाळात ती निघालीच होती. मी बोट दाखवून विचारलं, "सर, याले तुम्ही काय म्हनता?" त्यांना प्रश्न कळला नाही. "शुक्र. अजून काय म्हनू?" "दुसरं काही नाव? एकडोळी वगैरे?" ते हसले. "हे तुमच्या मातोश्रीचं! तुम्हाले आठवते?"

सर बोलत राहिले. लग्नाची तारीख पुढे गेली तेव्हा माझी आई, जनाबाई, नव्या तारखेचं बोलायला उमरेडला आली होती. संध्याकाळी प्रेमलताच्या घरच्या बायका तिला मैदानात घेऊन गेल्या. रांग लागली होती. "मातोश्रीचा नंबर आला. त्यायनं डोळा लावला अन् म्हने, मले तं काहीच नाही दिसत, काळं दिसते. मी दुर्बीन हलवली, पुन्हा तसंच. रांगेतले लोक हसाले लागले. तं ही प्रेमलता मांगून पुढं आली. होनारी सासू, तिच्याशी बोलाचंही लाजाची. तिनं त्यायच्या कानात काही म्हटलं अन् हनुवटीले धरून तोंड असं फिरवलं, दुसरा डोळा लावला. अन् मातोश्री म्हने, अवं माय! लई वेळ नाही हटल्या मंग." नंतर बायका पायऱ्यांवर बसल्या, कोणीतरी विचारलं की सर, लग्न ज्याच्यामुळे अडलं तो शुक्र कुठं गेला, तेव्हा त्यांनी आधी सूर्यामागे गेला ते सांगितलं आणि मग बळीची, झारीची, डोळ्याची गोष्ट सांगितली. "तुमच्या मातोश्री इतक्या हसल्या! म्हने, म्हंजे मोठ्या गुरूचीही तीच गत हाय तं! येऊ द्या मंग एकडोळीले परत, तिच्याशिवाय माह्या पोराचं लग्न नाही. अन् ह्या दोघी एकमेकीचा हात धरून हसून राहिल्या. एवढं काय हसाचं होतं त्याच्यात, मले आजही समजलं नाही." चहा आला. मी तो प्यालो की नाही ते आठवत नाही.

परतीच्या रस्त्यावर अंधार पडत आला होता आणि चांदणी उजवीकडून डावीकडे, रस्ता वळेल तशी सरकत होती. आधी मला सुटल्यासारखं वाटलं, तेही दोन-तीन किलोमीटर. मग ते दुसरं कळायला लागलं. काळं दिसते. दुसरा डोळा. माझ्या आईला एका डोळ्यानं दिसत नव्हतं. लग्नानंतर ती अठरा वर्षं आमच्याजवळ होती, त्याआधी माझा सगळा जन्म तिच्याजवळ गेला होता, आणि मला हे माहीत नव्हतं. एक अनोळखी मुलगी, घोळक्यात उभी राहून, एका संध्याकाळी ते ओळखते. कुहीच्या फाट्याजवळ मी गाडी बाजूला घेऊन थांबलो. आता मास्तराचा राग उरला नव्हता, पण मत्सर गेला नव्हता, तो नुसता घर बदलून आला होता आणि या घरात तो जास्त जुना, जास्त हक्काचा वाटत होता. त्या दोघी स्वयंपाकघरात हसायच्या आणि मी गेलो की गप्प व्हायच्या. मला वाटायचं, माझ्याबद्दल बोलतात. त्यांना माझ्याबद्दल बोलायची गरजच नव्हती. संध्याकाळी आई म्हणायची, चाल वं, वर जाऊ, आणि प्रेमलता तिचा हात धरून जिना चढवायची. मी टीव्ही पाहायचो. त्या हाताचं मला कधी काही वाटलं नाही. म्हातारी बाई, धरला हात.

घरी आलो तेव्हा साडेआठ झाले होते. मयुरी बाहेर गेली होती. प्रेमलता टेबलाशी बसून अक्षतांच्या पुड्या बांधत होती. मी चप्पल न काढता विचारलं, "आईच्या डोळ्याले काय झालतं?" तिनं माझ्याकडे पाहिलं, मग हातातली पुडी पूर्ण बांधली, बाजूला ठेवली. "सरानं सांगितलं?" "सराले माहीत नाही. मले समजलं." "समजलं," ती म्हणाली. "बरं झालं." आणि मग तिनं सांगितलं, घरातली एखादी साधी गोष्ट सांगावी तसं. मी तीन वर्षांचा असताना माझे वडील, गोपाळराव, मागावर बसले होते, सूत नेणारा धोटा निसटला आणि शेजारी कांड्या भरत बसलेल्या आईच्या डोळ्यावर बसला. वरून डोळा तसाच राहिला, आतून गेला. वडील चार दिवस जेवले नाहीत. आईनं कोणालाही कळू दिलं नाही, कारण कळलं असतं तर सगळा कोष्टीपुरा म्हणाला असता की गोपाळनं बायकोचा डोळा फोडला, आणि पोरगा मोठा होऊन बापाला तेच म्हणाला असता. "किसनाले सांगू नको, असं म्हने. त्याचा बाप त्याच्या नजरेतून उतरन. मले शपथ घातलती, लग्नाच्या आधीच. म्हने, तुले दिसलं, आता तूच सांभाळ." "आई जाऊन अकरा वर्षं झाली," मी म्हणालो. "अकरा वर्षं काहून नाही सांगितलं?" "तुम्ही कधी विचारलं? डोळ्याचं सोडा. आईचं काही विचारलं कधी?" तिचा आवाज चढला नव्हता. "अन् आता विचारलं तं असं विचारलं, का मी उमरेडच्या मास्तरासंग... मयुरीसमोर, अवो. लग्नाच्या घरात."

मी खुर्चीवर बसलो. माफी मागायची होती, पण तोंडातून दुसरंच निघालं, कारण मला अजून काहीतरी हवं होतं, माझ्या वाटणीचं, तिच्याकडून काढून घेतलेलं. मी विचारलं, "कोनता डोळा?" ती म्हणाली, "तुम्हीच सांगा न." मी आठवायला लागलो. आई सुईत दोरा ओवताना. आई ताटावर, माझ्या समोर. आई दारात उभी, मी शाळेतून येतोय, ती मान जराशी वळवून पाहतेय, पण कोणत्या बाजूला? सगळं होतं, तिचं कुंकू, कपाळावरची देवीची खूण, वरच्या ओठावरचा तीळ, आणि डोळ्यांच्या जागी मला नेमकं काहीच दिसत नव्हतं. "उजवा," मी म्हणालो. ती बांधलेल्या पुड्या मोजायला लागली. "डावा का?" प्रेमलतानं पुढची पुडी ओढली, तांदूळ घातले, दोरा गुंडाळला. मग ती पुडी मुठीत घट्ट धरून ठेवली, आणि मला कळलं की ती माझ्यावर रागावलेली नाही, तिला माझी भीती वाटतेय, हेही घेऊन जाईन म्हणून. "हे नाही सांगत मी," ती म्हणाली. "बाकी सगळं सांगितलं. एवढं माह्याजवळ राहू द्या."

मी तरी आतल्या खोलीत जाऊन दिवा लावला. भिंतीवर आईचा फोटो आहे, मयुरी तीन-चार वर्षांची असताना कोणीतरी काढलेला, आईच्या मांडीवर मयुरी आहे. मी चष्मा पुसून फोटोच्या अगदी जवळ गेलो. दोन्ही डोळे सारखेच दिसत होते.